झुंबरीची धाकटी

नगरच्या दिल्ली दरवाजातून लुना बाहेर काढताना जयमाला गंधेला डोक्यावर टांगलेली स्वतः दिसली आणि तिचा हात आपोआप ब्रेकवर गेला. मागच्या रिक्षावाल्यानं आईवरून एक शब्द वापरला. तो तिनं मनावर घेतला नाही. आईवरून काही बोलायचं तर कोणत्या आईवरून, हा प्रश्न तिच्या बाबतीत पहिल्यापासून उभा होता. बोर्ड नवा होता, रंगाचा वास खालपर्यंत येत होता. पेंटर बहुधा सिनेमाची पोस्टरं काढणारा असावा, कारण पाच वर्षांच्या पोरीला त्यानं गुलाबी गाल आणि नटीसारख्या पापण्या दिल्या होत्या. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून समाजसेवक नाना टोकेकर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यात मात्र काही सुधारणा केलेली नव्हती, तशी गरजही नव्हती. खाली ठळक अक्षरात होतं : ‘स्वगृही! दुष्काळात दुरावलेल्या आदिवासी लेकरांचा मायभूमी मेळावा. आधार-छाया मंडळ, रौप्यमहोत्सवी वर्ष.’ मूळ फोटो गंध्यांच्या अल्बममध्ये होता, काळा-पांढरा. त्यातल्या दान आलेल्या फ्रॉकला वरचं बटण नव्हतं. पेंटरनं ते लावून दिलं होतं. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं, असं तिला वाटलं, आणि पाठीमागे हॉर्न वाजत असताना तिनं लुना पुढं काढली.

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात तिच्याआधी बातमी पोचली होती. शेजारच्या टेबलावरच्या आसारामनं मान वर न करता विचारलं, “मॅडम, बोर्डावर तुम्हीच ना? लई गोऱ्या दिसताय.” ती हसली. ह्या विषयावर हसण्याचा तिचा सराव जुना होता. गंध्यांच्या घरात ही गोष्ट कधी लपवून ठेवली नव्हती; उलट आल्यागेल्याला चहाबरोबर दिली जायची. “आमची जयू मूळची ठाकर आदिवासींची, अकोले तालुक्यातल्या डोंगरातली,” असं तिला वाढवणाऱ्या पुष्पाताई सांगायच्या आणि थांबायच्या. पाहुण्यांनी त्या थांबण्यात “सांगून पटत नाही हो” असं म्हणायचं असे, आणि सगळे म्हणत. जयमाला समोर पोह्यांची बशी घेऊन उभी असायची. पटत नाही हे आपलं यश आहे हे तिला सातव्या वर्षी कळलं होतं; कुणावर मिळवलेलं, हे कळायला वेळ लागला. अप्पा, म्हणजे गंधे मास्तर, रोज संध्याकाळी तिला समोर बसवून म्हणवून घेत, “पाणी. पानी नाही. जीभ वर.” छडी हातात नसे, पण कोपऱ्यात असे. जीभ वर गेली ती गेलीच. आता दिवसभर फोनवर ती सावेडीच्या, माळीवाड्याच्या, तोफखान्याच्या लोकांना पाणी कधी येईल ते सांगे आणि तिच्याइतका स्वच्छ ‘ण’ साऱ्या पालिकेत कुणाचा नव्हता. लग्नासाठी मुलं बघायला आली तीही ‘ण’वर खूश होऊन गेली. नंतर कुळाची चौकशी करून, पत्रिका जमत नसल्याचं कळवीत. पत्रिका तर मुळात नव्हतीच; अप्पांनी मंडळाच्या दारात तिला घेतलं ती वेळ जन्मवेळ धरून एकानं मांडून दिली होती. त्या पत्रिकेत राजयोग होता.

नाना टोकेकर स्वतः घरी आले. पंचाहत्तरी जवळ आली होती, पण आवाज अजून मैदानावरचा. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी जीप घेऊन डोंगर पालथे घातले होते आणि मुलं खाली आणली होती. त्याबद्दल तेव्हा त्यांना हार मिळाले होते. आता तीच मुलं ते परत वर नेणार होते, आणि हार मागवून झाले होते. पुण्याच्या मानसशास्त्राच्या एका बाईंनी त्यांना पटवून दिलं होतं की तुटलेल्या मुळांची जखम असते, ती एकट्यानं भरत नाही, सगळ्या समाजानं मिळून भरावी लागते. नाना हे सांगताना असे भारावले होते, की जखम करणारा दुसराच कुणी असावा. जयमालानं एकच विचारलं, तिकडे माझं कोणी आहे का. नाना म्हणाले, “आहे म्हणजे? आई आहे. कातळदऱ्याला. शोधून काढली आम्ही.” मग जरा खाली बघून पुढे म्हणाले की तेव्हासुद्धा पाऊस पडल्यावर जीप गेली होती, पण पाड्यावर कुणी नव्हतं, सगळे मजुरीला उतरले होते. “दार लावलेलं होतं,” ते म्हणाले. दार लावलेलं असताना एखाद्याचं मूल परत देणार तरी कसं, असा त्यांचा सूर होता. पुष्पाताई आतून ऐकत होत्या. नाना गेल्यावर त्या म्हणाल्या, “जा की. मी काय बांधून ठेवलंय?” आणि रात्रीपर्यंत गुडघ्यांना तेल चोळत बसल्या. सकाळी त्यांनी डबाभर शंकरपाळे करून पिशवीत घातले. “त्यांच्याकडे काय असणार खायला,” असं त्या नेहमीच्या प्रेमळ आवाजात म्हणाल्या. तो आवाज खरोखरच प्रेमळ होता, हीच तर अडचण होती. पुष्पाताईंनी वाईट वागवलं असतं तर जयमालाचं आयुष्य किती सोपं झालं असतं. दुष्ट सावत्र आईच्या गोष्टीला शेवट असतो.

आई आहे, हे वाक्य तिनं पुढचे सगळे दिवस अंगावर ओल्या कपड्यासारखं बाळगलं. आठवायचं म्हटलं तर काय होतं तिच्याजवळ? धूर. पायाखाली पहाटेचा गार कातळ. कच्ची वरई दाढेखाली कचकन फुटते तो स्वाद. पण ह्यातलं स्वतःचं किती आणि नववीत भंडारदऱ्याला सहल गेली होती तिथलं किती, हे तिला सांगता आलं नसतं. आठवणींवर तिचा विश्वास नव्हता. त्याही तिच्यासारख्याच, कुठून तरी आणून घरात वाढवलेल्या असाव्यात. फक्त एक गोष्ट सहलीतली नव्हती. झोपताना तिला कुणाच्या तरी कानाची पाळी बोटात धरायची सवय होती. गंध्यांकडे आली त्या रात्री तिनं अंधारात पुष्पाताईंचा कान शोधला, तर कुडीचा मळसूत्री फिरका बोटाला लागला आणि पुष्पाताई दचकून ओरडल्या. दुसऱ्या दिवशी तिला चिंध्यांची बाहुली मिळाली. बाहुलीला कान नव्हते. ती जी मूळची पाळी होती ती मऊ होती, लांब होती, आणि तिच्यात एक मोठं भोक होतं. त्या भोकात करंगळीचं टोक बसायचं. एवढाच पुरावा. हा कुणाला दाखवायचा?

मंडळाची बस कोल्हारला चहाला थांबली तेव्हा ती पुलावर जाऊन उभी राहिली. खाली प्रवरा होती, थंडीतली, बारीक धारेनं वाहणारी. हे पाणी वरूनच येतं, म्हणजे नगर जिल्ह्यात राहून आपण इतकी वर्षं तिकडचंच पाणी कुठं ना कुठं पाहत होतो, असा विचार तिला आला आणि तिनं तो लगेच झटकला, कारण तो नानांच्या भाषणात शोभला असता. बसमध्ये तिला धरून तिच्यासारखे सात जण होते. कुणी कुणाकडे नीट बघत नव्हतं. एकाच दवाखान्यात एकाच आजारासाठी आलेली माणसं जशी बसतात तसे बसले होते. शेजारी भीमराज नावाचा होता, पारनेरच्या एका कुटुंबात वाढलेला, आता संगमनेरला टेम्पो चालवणारा. त्याला जखमबिखम काही नव्हती. त्याला जातीचा दाखला हवा होता, आणि तहसील कचेरीत रक्ताचं माणूस उभं करा म्हणून सांगितलं होतं. “मला चुलता घावला ना, तरी बास,” तो म्हणाला. “तुमाला काय पायजे?” आपल्याला दाखल्याएवढं नेमकं काहीतरी हवं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून तिला त्याचा रागच आला. अकोल्याच्या पुढं, राजूर सोडल्यावर, डोंगर दोन्ही बाजूंनी खिडकीशी आले. ती पोटातून काही हलतंय का ह्याची वाट बघत राहिली. घाटाच्या वळणांनी हललं तेवढंच.

कातळदऱ्याच्या आश्रमशाळेसमोर मांडव होता. पुण्याच्या बाईंनी सातही जणांना गोल बसवलं आणि लोकरीचा गुंडा एकाकडून दुसऱ्याकडे टाकायला लावला. ज्याच्या हातात गुंडा त्यानं मनातलं बोलायचं. पाड्यावरची माणसं मांडवाच्या कडेला उकिडवी बसून हा खेळ शांतपणे बघत होती. एका म्हातारीनं शेजारणीला विचारलेलं जयमालाला ऐकू आलं, की एवढ्या मोठ्या मानसांना विणाय शिकवत्यात का काय. गुंडा तिच्याकडे आला तेव्हा तिनं आपलं नाव, खातं आणि पद सांगितलं. बाईंनी मान कलती करून विचारलं, “आणि आत काय वाटतंय?” ती म्हणाली, “बसमुळे जरा मळमळतंय.” बाईंनी ह्याचाही अर्थ लावला. मग नानांनी माइकवरून एकेकाच्या आईबापाला, भावाला, चुलत्याला पुकारायला सुरुवात केली. भीमराजचा चुलता निघाला, त्यानं पुतण्याला मिठी मारली, आणि मिठीतून सुटता सुटता भीमराजनं त्याला तहसीलला कधी याल ते विचारून घेतलं. त्या दिवशी बरा होऊन गेलेला तो एकटाच. नाव आलं : “चांगुणाबाई!” कडेच्या घोळक्यात हालचाल झाली, पण कुणी उठलं नाही. नाना पुन्हा पुकारणार तेवढ्यात तिशी ओलांडलेला वाटणारा, पण बहुधा जयमालाहून लहानच, असा एक माणूस पुढं आला. छगन, चांगुणाबाईचा मुलगा. म्हणजे भाऊ. तो तिच्या चपलांकडे बघत म्हणाला, “ताई, आय तिकडं बसलीया. तुमी च्या घ्या, मंग पुंजारामबुवा बोल्त्याल.”

आई आश्रमशाळेच्या भिंतीशी बसली होती. काटकुळी, गुडघे छातीशी, लुगड्याचा काष्टा, कपाळावर हिरवं गोंदण. जयमाला समोर बसली. काय म्हणायचं हे तिनं पुष्कळ दिवस ठरवलं होतं आणि बसल्यावर लक्षात आलं की ठरवलेलं सगळं गंधे मास्तरांच्या मराठीत आहे. म्हातारीनं तिच्याकडे नीट, अगदी निवांत पाहिलं, बाजारात दुसऱ्याची गाय पाहावी तसं. आवडली, पण आपल्याला घ्यायची नाही. जयमालाची नजर कानांवर गेली. पाळ्या लांब होत्या, लोंबलेल्या, आणि डाव्या पाळीतलं भोक बोट जाईल एवढं मोठं. उजव्या हाताची करंगळी तिनं मुठीत दाबून धरली. एवढ्या माणसांत, पालिकेच्या वरिष्ठ लिपिकानं, एका अनोळखी बाईच्या कानाला हात कसा लावायचा? तेवढ्यात म्हातारीनं हात पुढं केला आणि तिच्या मनगटाच्या वर, जिथं लहानपणी भाजल्याचा डाग होता, तिथं अंगठा फिरवला. एकदा. मग हात मागं घेतला. ओळख पटली होती, ह्यात शंका नव्हती. तिला ओळखलं होतं आणि तरीही म्हातारी उठली नव्हती, रडली नव्हती, जवळ सरकली नव्हती. हे काय आहे ते जयमालाला कळेना.

ते पुंजारामबुवांनी सांगितलं. पाड्याचा भगत, डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला, बोलायला सावकाश. त्या साली पोर जीपमधून गेली. पाऊस पडला की आणून घालतो, असं साहेब म्हणाले होते. पाऊस पडला. चांगुणा वाटेवर बसून राहायची, भात लावायला यायची नाही. पुढच्या वर्षी पडला, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग घरात एकामागून एक सुरू झालं : बैल गेला, नवरा तापानं गेला, पोटातला छगन पोटातच सुकू लागला. तेव्हा बुवांनी तांदळाचे दाणे टाकून कौल पाहिला, आणि कौल आला की पोर मेली आहे, तिला जागा नाही, म्हणून ती घर धरून बसली आहे. मग डोंगरातली माणसं करतात ते केलं. वरईच्या वावराच्या कडेला हिरड्याखाली दगड बसवला, शेंदूर लावला, नाव घेऊन हाक मारली आणि झुंबरीला देव केलं.

“झुंबरी?” जयमालानं विचारलं.

“तुजं नाव,” छगन म्हणाला, आणि चूक झाल्यासारखा लगेच, “म्हंजी तिचं.”

अशा रीतीनं तिला आपलं नाव कळलं आणि ते रिकामं नाही हेही त्याच वाक्यात कळलं. बुवा पुढं सांगत होते. दगड बसवल्यापासून घर सावरलं. छगन जगला. वरईचं पहिलं कणीस तिला दिल्याशिवाय पाड्यावर कुणी खळं करत नाही. पोरांना गोवर आला की तिला दही-भात. कौल चुकला होता, हे त्यांनी स्वतःच म्हणून टाकलं. पण चुकून का होईना, देव बसला तो बसला, आणि पावलाही. “आता ही बाई झुंबरी म्हनून घरात घ्याची तर त्यो दगुड उचलून धरनात सोडाया लागंल. जितं मानूस आन् देव, दोनी एका नावानं ऱ्हात न्हाईत. एकजन दुसऱ्याला खातं.” दगड उचलायचा तर ज्या हातानं बसवला त्याच हातानं. म्हणजे चांगुणानं. ती म्हणेल तसं.

नानांना हा सरळ प्रश्न वाटला. ते उठून म्हणाले, की आता मूर्तीची गरज काय, प्रत्यक्ष लेक समोर उभी आहे. पुण्याच्या बाई डोळे पुसून म्हणाल्या, की दगड सोडणं हाच खरा बरं होण्याचा क्षण आहे, सगळ्यांनी मिळून तो विधी करू. कॅमेरावाला पुढं सरकला. सगळे म्हातारीकडे बघू लागले. जयमालाही बघू लागली, आणि तिच्या लक्षात आलं की तिचा श्वास लहान पोरासारखा वर वर चालला आहे. आपल्याला काय हवं होतं हे आत्ता, ह्या क्षणी, तिला कळलं. तो दगड उचलला जायला हवा होता. हातात कुदळ दिली असती तर तिनं स्वतः उचलला असता. साऱ्या जन्मात ती पहिल्यांदाच कुणाच्या तरी जागेवर डोळा ठेवून बसली होती.

चांगुणाबाईनं बराच वेळ जमिनीवर बोटानं रेघ ओढली. मग ती नानांशी नाही, बुवांशी नाही, सरळ जयमालाशी बोलली, आणि आवाजात राग नव्हता.

“बाय, तू जिती हाईस. तुजं बरं चाल्लंय. चपला हायेत, घड्याळ हाय. आन् तुजी ती आय हाय नगरात, तिनं तुला खाया घातलं. झुंबरीला मातर माज्याबिगर कोन हाय? ती कुटं गेली न्हाई गं. इतकी वर्सं रोज जाती मी तिच्याकडं. बोल्ती. आता तू आलीस म्हनून तिला पान्यात लोटू? तिनं काय केलंय?”

दगडानं सगळं केलं होतं. जागेवर राहिला, थोडक्यावर खुश राहिला, भाऊ जगवला. जयमालाच्या मनात पुष्कळ वाक्यं आली, मी पाच वर्षांची होते, मी गेले नव्हते, मला नेलं होतं, पण ती सगळी त्या दगडालाही तितकीच लागू होती. तिनं फक्त शंकरपाळ्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मग पंच बोलले. पाड्यावरची माणसं आल्या माणसाला हात हलवत पाठवणारी नव्हती. वाट काढायला बसली. कुजबूज झाली, एकानं तंबाखू मळली, दोघांनी नकारार्थी मान हलवली, मग होकारार्थी. शेवटी पुंजारामबुवांनी तोडगा सांगितला. झुंबरी देव झाली, ते फिरवता येत नाही. पण जातीत घ्यायला दुसरी वाट आहे, पूर्वीपासूनची : ज्याला कुणी नाही त्याला घरानं मानून घ्यायचं. चांगुणानं ह्या बाईला लेक मानावं. ओटी भरावी, कुळाच्या देवापुढं नाव सांगावं, भाकर-चटणी एका थाळ्यात खावी, झालं. चांगुणाबाईच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. ह्यात तिची काही हरकत नव्हती. उलट ती चटकन उठली आणि घरात खण शोधायला गेली. नाना माइकवरून सांगू लागले की आदिवासी समाजाचं हृदय किती विशाल आहे. पुण्याच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. जयमालाच्या मनात आलं, की दत्तक जाण्याचा आपल्याला अनुभव आहे. ह्या वेळी निदान फ्रॉक दान घ्यावा लागणार नाही.

ओटी भरली. खण हिरवा होता, नवा, छगनच्या बायकोसाठी आणलेला. देवापुढं तांदूळ टाकताना बुवांनी विचारलं, नाव काय सांगू? चांगुणाबाईनं तिच्याकडे पाहिलं, पाहुणीकडे पाहावं तसं, मदतीच्या अपेक्षेनं. “जयमाला,” ती म्हणाली. म्हातारीनं ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं. “जैमाळ.” तोंडात नीट बसेना. “जमंल,” ती म्हणाली.

“आता थोरल्या भैनीच्या पाया पड,” बुवा म्हणाले.

वावर मांडवापासून जवळ होतं. वरई काढून झाली होती, टोचरे बुडखे पायाला लागत होते. चपला तिनं बांधावरच काढल्या. सगळे मागून येत होते, नाना, बाई, कॅमेरावाला, चुलत्याचा हात धरून भीमराज. हिरड्याखाली दगड होता, फार मोठा नव्हे, बसलेल्या पाच वर्षांच्या पोरीएवढा. शेंदराची पुटं चढून चढून त्याच्या कडा गेल्या होत्या, गोल झाल्या होत्या, गालांसारख्या. पुढ्यात ताजं कणीस होतं, आणि कुणाच्या तरी हातानं लिंपलेली, रोज लिंपली जाणारी, गुळगुळीत जमीन. चांगुणाबाई वाकून दगडाशी बोलू लागली, हलक्या, लाडाच्या आवाजात. हा आवाज सकाळपासून तिनं कुणाशीही वापरला नव्हता. “झुंबरे, ही जैमाळ. नगरची हाय. तुजी धाकटी. नजर ठिव गं तिच्यावं.”

जयमाला गुडघ्यांवर बसली. दगड उन्हानं तापला होता. तिनं कपाळ टेकवलं ते पाया पडण्याला लागतं त्याहून जास्त वेळ तसंच ठेवलं. मागून कुणीतरी म्हणालं, बास, बाई, उठा. ती उठली तेव्हा जिथं कपाळ टेकलं होतं तिथं शेंदूर निघून दगडावर एक फिकट डाग पडला होता. चांगुणाबाईच्या तो लगेच लक्षात आला. तिनं पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं, पुढं झाली, आणि धाकटीला हातानं जरा बाजूला सारून, भाजल्या जागेवर हात फिरवावा तसा, तो डाग कडेच्या शेंदरानं हळूहळू पुसत बसली.